विश्लेषण : घरात विंचू, कोळी, अळ्या बाळगणारे झां आंरी फाब्र कोण होते? ‘विंचवाच्या बिऱ्हाडा’चे सत्य त्यांनी कसे शोधले?

घरात विंचू दिसला की हात आधी चपलेकडे जातो. कोळ्याचे जाळे दिसले की झाडूकडे आणि मुंग्यांची रांग दिसली की औषधी खडूकडे. फ्रान्सच्या दक्षिण भागातील एका माजी शाळामास्तरांनी मात्र याच जिवांना बोलावून घरात जागा दिली. अभ्यासिकेत विंचू, खिडकीत कोळी, काचगृहात अळ्या आणि जेवणाच्या ताटांवरच्या जाळीखाली प्रार्थनाकीटक असा त्यांचा संसार होता. झां आंरी फाब्र हे त्यांचे नाव. कीटक कसे जगतात, हे मेलेल्या नमुन्यांवरून नव्हे तर जिवंत कीटकांजवळ बसून समजून घ्यायचे असते, हे त्यांनी जगाला दाखवले. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय सोसले, त्यातून काय हाती आले आणि आज घरात कोळी किंवा सरडे पाळण्याची हौस असणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, याविषयी…

फाब्र यांचे बालपण कसे होते?

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये फ्रान्सच्या आव्हेरों भागातील सँ-लेओं या खेड्यात झाला. घरची गरिबी इतकी की एक तोंड कमी व्हावे म्हणून लहानग्या आंरीला आजी-आजोबांच्या डोंगराळ शेतावर पाठवण्यात आले. तिथे गाई-मेंढ्या होत्या, माळरान होते आणि शिकवायला कुणीच नव्हते. सूर्य आपल्याला डोळ्यांनी दिसतो की तोंडाने, असा प्रश्न या पोराला पडला. त्याने आधी डोळे मिटून तोंड उघडले, मग तोंड मिटून डोळे उघडले आणि निष्कर्ष काढला. त्यांचा हा पहिला प्रयोग. संध्याकाळी तो घरात सांगितल्यावर सगळे हसले होते.

पुढे आई-वडिलांकडे परतल्यावर बदकांची पिले तळ्यावर नेण्याचे काम मिळाले. पिले पाण्यात आणि पोरगा काठावरचे भुंगेरे, गोगलगायी, चमकदार दगड गोळा करण्यात दंग. फुगलेले खिसे घेऊन घरी आल्यावर बोलणी बसली आणि सगळा खजिना उकिरड्यावर फेकावा लागला. वडिलांचे खानावळीचे प्रयत्न एकामागून एक फसले. कुटुंब गावोगाव फिरत राहिले. किशोरवयात फाब्र यांनी जत्रेत लिंबे विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन ते आव्हिन्योंच्या अध्यापक विद्यालयात शिरले आणि विशीच्या आतच शिक्षक झाले. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या पदव्या त्यांनी नोकरी करत, घरी अभ्यास करून मिळवल्या.

ते कीटकांकडे कसे वळले?

कॉर्सिका बेटावर शिकवत असताना मोकां-तांदों या वनस्पतिशास्त्रज्ञांशी त्यांची ओळख झाली. या पाहुण्याने एका बशीत पाणी घेऊन, साध्या सुया वापरून त्यांना गोगलगाय उकलून दाखवली आणि गणित सोडून जीवसृष्टीकडे वळण्याचा सल्ला दिला. त्यानंतर आव्हिन्योंला परतल्यावर लेओं द्युफूर या कीटकशास्त्रज्ञाचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. गांधीलमाशीच्या जातीतील एक शिकारी माशी आपल्या बिळात भुंगेरे साठवते. ते आठवडे उलटले तरी कुजत नाहीत. माशी त्यांच्यात काहीतरी टिकाऊ द्रव्य सोडत असावी, असा द्युफूर यांचा तर्क होता.

फाब्र यांनी अशाच दुसऱ्या एका जातीची बिळे उकरली, तेव्हा आतले भुंगेरे कुजलेले नव्हते कारण ते मेलेलेच नव्हते. विजेचा हलका झटका दिला की त्यांचे पाय हलत. माशीने नेमक्या मज्जातंतूंच्या गाठीत नांगी मारून त्यांना लुळे केले होते. अंड्यातून निघणाऱ्या तिच्या अळीला ताजे अन्न मिळावे, हा त्यामागचा हेतू. फाब्र यांनी सुईच्या टोकाने भुंगेऱ्याच्या त्याच जागी अमोनियाचा थेंब सोडून तोच परिणाम घडवून दाखवला. हे संशोधन १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची दखल फ्रेंच विज्ञान अकादमीने घेतली आणि पुढे चार्ल्स डार्विन यांनीही.

आपल्या घरातल्या ‘कुंभारणी’शी याचा काय संबंध?

मातीच्या गोळ्या आणून दाराच्या चौकटीला, पंख्याच्या दांड्याला किंवा विजेच्या बटणांच्या फळीमागे घर बांधणारी कुंभारीण आपल्याकडे बहुतेक घरांत येते. ती एक किडा पकडून मातीच्या घरात कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणते आणि काही दिवसांनी त्यातून तिच्यासारखीच माशी बाहेर पडते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. त्यातूनच ध्यास घेतल्याने कीटकाचा भ्रमर होतो, हा ‘भ्रमर-कीटक न्याय’ आला. संतसाहित्यात हा दृष्टान्त ठिकठिकाणी भेटतो.

कुंभारणीच्या कुळातील अशीच एक माशी फाब्र यांच्या घरातील चुलीच्या धुराड्यात घर बांधत असे. कपडे उकळण्याच्या दिवशी धूर आणि वाफेतून ती न घाबरता ये-जा करी. फाब्र यांनी तिच्या मातीच्या खोल्या उघडून पाहिल्या. आत कोळी भरलेले होते आणि पहिल्या कोळ्यावर एक अंडे होते. म्हणजे किड्याची माशी होत नव्हती, किडा हे माशीच्या बाळाचे जेवण होते.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. माशी बाहेर गेली असताना त्यांनी अंडे आणि कोळी दोन्ही काढून घेतले. माशी परतली, रिकाम्या खोलीत नवा कोळी ठेवला. तोही त्यांनी काढला. ती आणत राहिली, हे काढत राहिले. अखेर ठरलेली खेप पूर्ण झाल्यावर तिने ती रिकामी खोली नीट लिंपून बंद केली. दुसऱ्या एका वेळी त्यांनी भिंतीवरचे अख्खे घरच काढून नेले, तरी माशी उरलेल्या डागावर मातीचा शेवटचा हात फिरवत राहिली. वरवर शहाणपणाचे वाटणारे काम आतून ठरीव साखळीसारखे चालते, एक कडी तुटली तरी पुढची थांबत नाही, हे त्यातून दिसले. सहज प्रवृत्ती आणि विचार यांतील फरकावर आजही याच अंगाने चर्चा होते.

लुई पाश्चर फाब्र यांच्या घरी का गेले होते?

१८६५ मध्ये दक्षिण फ्रान्समधील रेशीमकिड्यांवर रोग पडला होता. त्याचा शोध घेण्यासाठी सरकारने पाश्चर यांना पाठवले. माहिती घ्यायला ते फाब्र यांच्याकडे आले. रेशमाचा कोश हातात घेऊन त्यांनी तो कानाशी हलवला आणि आत काही असल्यासारखे वाजते, म्हणून आश्चर्य व्यक्त केले. कोशात कीटकाची सुप्तावस्था असते, हेही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. तरीही पुढे त्यांनीच रेशीम उद्योगाला त्या संकटातून बाहेर काढले. पूर्वग्रह नसलेले अज्ञान कामाचे असते, हा धडा फाब्र यांनी त्या भेटीतून घेतला. आधी पुस्तके चाळायची नाहीत, थेट कीटकालाच विचारायचे, ही त्यांची पद्धत पुढे कायम राहिली.

त्याच भेटीतला दुसरा प्रसंग बोचरा आहे. पाश्चर यांनी फाब्र यांचे वाइनचे तळघर पाहण्याची इच्छा दाखवली. वर्षाला १६०० फ्रँक पगार असलेल्या या मास्तरांकडे तळघर कुठले असणार? त्यांनी कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवर ठेवलेला एक बुधला दाखवला. तेच त्यांचे तळघर होते.

ही चणचण संपावी म्हणून त्यांनी मंजिष्ठेच्या कुळातील झुडपापासून शुद्ध लाल रंग काढण्यावर कित्येक वर्षे घालवली. कृती साधली, कारखानाही उभा राहिला. तेवढ्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि शेतातल्या मंजिष्ठेचा बाजार बसला. फाब्र यांचे स्वप्नही त्याबरोबर गेले.

त्यांची नोकरी का गेली?

तेव्हाचे शिक्षणमंत्री व्हिक्टर द्युरुई यांना फाब्र यांच्याविषयी आदर होता. त्यांच्यामुळे १८६८ मध्ये फाब्र यांना ‘लेजियों द’ऑनर’ हा सन्मान मिळाला, सम्राट तिसरा नेपोलियन याच्यासमोर उभे राहण्याची वेळ आली. द्युरुई यांनी मुलींसाठी माध्यमिक स्तरावरचे वर्ग सुरू केले होते. आव्हिन्योंत अशा वर्गात फाब्र विज्ञान शिकवू लागले. फुलात परागकण कसे पोहोचतात आणि फळ कसे धरते, हे त्यांनी मुलींना समजावून सांगितले. एवढ्यावरून गावातील सनातनी मंडळी खवळली. फाब्र राहत होते ते घर ज्या दोन वृद्ध बहिणींचे होते, त्यांनीही त्यांना घर सोडायला लावले.

१८७० च्या सुमारास नोकरी सुटली, घर गेले, पदरात मुले होती आणि हाती पैसा नव्हता. अशा वेळी मदतीला आले ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. पत्नीची कबर आव्हिन्योंत असल्यामुळे मिल तिथे येऊन राहत आणि दोघे मिळून रानात वनस्पती गोळा करत. मिल यांनी कसलीही चिठ्ठी लिहून न घेता ३००० फ्रँक पाठवून दिले. फाब्र यांनी ते पुढे पै-पै करून फेडले. ओरांज या गावी जाऊन त्यांनी शालेय पुस्तके लिहायला घेतली. कृषी, रसायन, खगोल, घरकाम अशा विषयांवरची ही पुस्तके खपली आणि संसार त्यावर चालू लागला.

याच काळात मोठा आघात झाला. किडे शोधायला बरोबर येणारा त्यांचा मुलगा झ्यूल १८७७ मध्ये सोळाव्या वर्षी वारला. फाब्र यांनी माश्यांच्या तीन नव्या जातींना त्याचे नाव दिले.

‘आर्मास’ हे घर कसे होते?

ओरांजच्या घरमालकाने दारापुढची झाडे तोडली, ते सहन न होऊन फाब्र यांनी १८७९ मध्ये सेरिन्यां या गावाबाहेर एक जुने घर घेतले. भोवती साधारण एक हेक्टर जमीन. दगडगोटे, काटेरी झुडपे आणि रानथाईम. तिथल्या बोलीत अशा पडीक जमिनीला ‘आर्मास’ म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने कवडीमोल असलेली ती जागा मधमाश्या आणि गांधीलमाश्यांसाठी मात्र भरलेले ताट होती. त्या वेळी फाब्र ५५ वर्षांचे होते. पुढची ३६ वर्षे त्यांनी याच कुंपणाच्या आत काढली.

त्यांची साधनेही स्वयंपाकघरातलीच होती. मातीची पसरट भांडी, वाळू, काचेच्या बरण्या आणि माश्या बसू नयेत म्हणून ताटांवर ठेवतात त्या जाळीच्या घुमटाकृती झाकण्या. या झाकण्यांखाली प्रार्थनाकीटकांच्या माद्या ठेवल्या होत्या. त्यांना रोज जिवंत टोळ लागत. गावातली पोरे ते पकडून आणत आणि मोबदल्यात त्यांना लोणी लावलेला पाव आणि कलिंगडासारख्या गोड खरबुजाची फोड मिळे. शेणकिड्यांसाठी घोड्याची लीद आणि मेंढ्यांच्या लेंड्याही अशाच जमवाव्या लागत. रस्त्याच्या कडेला तासन् तास पालथे पडलेले हे गृहस्थ वेडे असावेत, असे गावातल्या अनेकांना वाटे.

विंचवांचा अभ्यास त्यांनी कसा केला?

तिथल्या टेकड्यांवर दगडाखाली पिवळसर रंगाचा मोठा विंचू आढळतो. फाब्र यांनी त्यातले बरेच पकडून आणले. काही बागेतल्या सपाट दगडांखाली ठेवले, काही अभ्यासिकेतल्या भांड्यांत आणि काही काचेच्या मोठ्या पेटीत. वसंतातल्या रात्री पेटीजवळ कंदील टांगून ते आणि घरचे लोक भोवती बसत. नर मादीच्या नांग्या आपल्या नांग्यांत धरतो, शेपटी वर उचलतो आणि उलट्या पावली तिला चालवत नेतो. ही जोडी तासभर फेऱ्या घालते आणि अखेर खापराखाली दिसेनाशी होते. सकाळी खापर उचलले की कित्येकदा मादी शांतपणे नराला खात बसलेली असे.

आगीच्या रिंगणात सापडलेला विंचू स्वतःला नांगी मारून जीव देतो, अशी समजूत तेव्हा युरोपात पक्की होती. फाब्र यांनी निखाऱ्यांचे वर्तुळ करून विंचू मध्ये सोडला. तो सैरावैरा पळाला, शेपटी हवेत फिरवली आणि निपचित पडला. पाहणाऱ्याला वाटावे, मेला. त्यांनी त्याला उचलून थंड वाळूवर ठेवले. तासाभरात विंचू उठून चालू लागला. त्याने स्वतःला मारले नव्हते, उष्णतेने त्याला मूर्च्छा आली होती.

विंचवाची पिल्ले आईला खाऊन टाकतात, असे आपल्याकडे गावोगाव सांगतात. फाब्र यांनी पाहिले ते वेगळेच होते. पिल्ले जन्मताच पातळ आवरणात गुंडाळलेली असतात. आई ते आवरण सोडवते आणि पिल्ले तिच्या पायांवरून चढून पाठीवर जाऊन बसतात. जवळजवळ आठवडाभर ती तिथून हलत नाहीत. मग कात टाकतात आणि दोनेक आठवड्यांची झाली की आपापल्या वाटेने निघून जातात. या काळात ती आईला खात नाहीत, बाहेरचेही काही खात नाहीत. अंगातल्या साठ्यावरच जगतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही आपली म्हण म्हणजे अचूक निरीक्षण आहे. आईला खाण्याची गोष्ट मात्र त्याला नंतर चिकटलेली. स्वतंत्र झालेल्या पिल्लांना पुरेल असे बारीक भक्ष्य आपल्याला मिळणार नाही, हे लक्षात आल्यावर फाब्र यांनी त्यांना कोंडून न ठेवता खडकाळ उतारावर सोडून द्यायचे ठरवले.

पतंगांच्या त्या रात्री काय घडले?

एका ६ मे रोजी सकाळी त्यांच्या टेबलावरच्या कोशातून मोर-पतंगाची मादी बाहेर आली. हा युरोपातला सर्वांत मोठा पतंग, आपल्याकडच्या अ‍ॅटलस पतंगाच्या कुळातला. फाब्र यांनी तिला जाळीखाली ठेवले आणि विसरून गेले. रात्री नऊच्या सुमारास लहानगा पॉल अर्धवट कपड्यांतच ओरडत आला. त्याच्या खोलीत पक्ष्यांएवढे पतंग शिरले होते. खाली स्वयंपाकघरात कामवाली बाई त्यांना वटवाघळे समजून अंगावरच्या एप्रनने हाकलत होती. मेणबत्ती घेऊन बापलेक अभ्यासिकेत गेले, तर मादीच्या जाळीभोवती पतंगांच्या घिरट्या चालल्या होत्या. घरभर मिळून ४० च्या आसपास नर आले होते. पुढच्या आठ रात्रींत ही संख्या १५० च्या घरात गेली.

काळोख्या रात्री, झाडीने वेढलेल्या घरात, इतक्या दुरून ते आले कसे? फाब्र यांनी काही नरांच्या मिशा कापल्या, मादीची जागा बदलली, खोलीत डांबराच्या गोळ्यांसारखा उग्र वास पसरवला. नर येतच राहिले. उत्तर मिळाले ते दुसऱ्या एका पतंगावरच्या प्रयोगात. मादीला काचेच्या हवाबंद झाकणाखाली सर्वांना दिसेल अशी ठेवली, तर नरांनी तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. ते गेले ती आधी जिच्यावर बसली होती त्या फांदीकडे. म्हणजे नर तिला पाहून येत नव्हते. तिच्यातून झिरपणारे, माणसाच्या नाकाला न कळणारे काहीतरी त्यांना ओढत होते.

ते काहीतरी म्हणजे काय, हे कळायला १९५९ साल उजाडावे लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंग माद्यांपासून हे गंधद्रव्य वेगळे केले. आज विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादक गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवण्यासाठी शेतात जे कामगंध सापळे लावतात, ते याच तत्त्वावर चालतात. सापळ्यातल्या छोट्या गोळीत मादीचा कृत्रिम गंध असतो आणि नर पतंग त्यावर झेपावून अडकतात. त्या सेरिन्यांच्या खोलीतला गोंधळ आणि बोंडअळीचा सापळा ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत.

अळ्यांची न संपणारी मिरवणूक काय होती?

पाइनच्या झाडावरच्या केसाळ अळ्या एकीमागे एक रांगेने चालतात. पुढचीने सोडलेल्या रेशमी धाग्यावर मागची पाऊल ठेवते. या अळ्या फाब्र यांनी काचगृहात वाढवल्या होत्या. ३० जानेवारी १८९६ रोजी त्यातली एक रांग मोठ्या कुंडीच्या काठावर चढली. रांगेचे तोंड शेपटीला मिळेल अशी वेळ येताच त्यांनी बाकीच्या अळ्या आणि खाली उतरणारा धागा पुसून टाकला. आता कुणी पुढे नव्हते, कुणी मागे नव्हते.

अळ्या गोल फिरत राहिल्या. वीतभर अंतरावर त्यांचा चारा होता. रात्री थंडीने त्या गोळा होऊन थांबत, सकाळी पुन्हा चालू लागत. सात दिवस हे चालले. फाब्र यांच्या हिशेबाने विश्रांती वगळता ८४ तास चाल झाली, ३३५ फेरे आणि ४५३ मीटर अंतर. थकव्याने रांग विस्कटली आणि काही अळ्या वाट चुकल्या, तेव्हाच आठव्या दिवशी त्या खाली उतरू शकल्या. डोळे मिटून पुढच्यामागे जाणाऱ्यांचे उदाहरण म्हणून हा प्रयोग आजही सांगितला जातो.

याच अळ्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते. कारण शोधण्यासाठी फाब्र यांनी त्यांच्या कातेचा अर्क काढून स्वतःच्या हाताला लावला. त्वचा सुजली, फोड आले आणि त्रास बरेच दिवस पुरला.

घरच्यांनी हे सगळे कसे सहन केले?

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर साठी ओलांडलेल्या फाब्र यांनी सेरिन्यांतील एका तरुणीशी लग्न केले. त्यांना तीन मुले झाली. मुलांचे हे घर कीटकांसह वाढले. डार्विन यांच्या सूचनेवरून फाब्र यांनी मधमाश्यांना पिशवीत घालून गरगर फिरवून दूर सोडले होते, दिशा चुकते का ते पाहण्यासाठी. अनेक माश्या तरीही परतल्या. अशा प्रयोगांत घरी पोळ्याजवळ बसून परतणाऱ्यांची नोंद ठेवायला मुलगी आग्लाए असे. एकदा उपवासाच्या पर्वाआधीच्या मेजवानीला फाब्र यांनी लाकडातल्या जाडजूड अळ्या मीठ लावून भाजल्या आणि घरच्यांना, स्नेह्यांना वाढल्या. प्राचीन रोमनांचे हे पक्वान्न म्हणे. चव भाजलेल्या बदामासारखी लागली, कातडी मात्र चामट निघाली.

पण या घरात एक प्रसंग असा घडला, जो हसण्यावारी नेता येत नाही. काळ्या पोटाचा कोळी किडे एका दंशात मारतो, मोठ्या प्राण्याचे काय होते, हे पाहण्यासाठी फाब्र यांनी उडायला शिकलेल्या चिमणीच्या पायाला त्याचा दंश घडवला. पाय लुळा पडला, पण पिल्लू खात-पीत होते. मुलींनी त्याला माश्या, पाव, जर्दाळूचा गर भरवला. सगळ्यांना वाटले वाचेल. तिसऱ्या दिवशी त्याने खाणे सोडले आणि ते मेले. जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोलले नाही, पण घरच्यांच्या नजरेतला दोष फाब्र यांना कळला. आपल्यालाही अपराधी वाटले, हे त्यांनी लपवले नाही. आजच्या निकषांवर असा प्रयोग कुणी मान्य करणार नाही. त्यांनी तो वगळला असता तर कुणाला कळलेही नसते. त्यांनी तो लिहून ठेवला.

त्यांचे कुठे चुकले?

दारातल्या झाडावर सिकाडा किर्रर्र करत, तेव्हा त्यांना ऐकू येते का हे तपासायला फाब्र यांनी गावच्या उत्सवातल्या दोन उखळी तोफा आणून झाडाखाली उडवल्या. गाणे क्षणभरही थांबले नाही. सिकाडा जवळजवळ बहिरे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे त्यांना कान असल्याचे सिद्ध झाले. आपल्या जातीच्या आवाजाच्या पट्टीला ते चांगले जागतात, तोफेचा आवाज त्यांच्या कामाचा नसतो.

शिकारी माश्यांचा डंख अजिबात चुकत नाही, हा त्यांचा आग्रहही टिकला नाही. १८९८ मध्ये अमेरिकेतील पेकहॅम दांपत्याने दाखवले की माश्यांच्या डंखाच्या जागा आणि परिणाम बदलतात. फाब्र यांच्या दृष्टीने ही प्रवृत्ती सुरुवातीपासून परिपूर्ण होती, त्यामुळे डार्विन यांचा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त त्यांनी कधीच स्वीकारला नाही. डार्विन यांनी मात्र त्यांच्या निरीक्षणशक्तीचे मनापासून कौतुक केले आणि दोघांचा पत्रव्यवहार स्नेहाचा राहिला. फाब्र यांची अनेक निरीक्षणे आजही उपयोगी पडतात, त्यावरून काढलेले काही अर्थ मागे पडले आहेत.

शेवटच्या काळात काय झाले?

फाब्र यांनी आपली निरीक्षणे ‘सुव्हनिर आंतोमोलोजिक’ या १० खंडांत मांडली. पहिला खंड १८७९ मध्ये आणि दहावा १९०७ मध्ये आला. भाषा प्रयोगशाळेची नव्हती, गोष्ट सांगणाऱ्या मास्तरांची होती. त्यामुळे शास्त्रज्ञांपैकी काहींनी नाके मुरडली. शालेय पुस्तकांचा खप घटला आणि म्हातारपणी पुन्हा ओढग्रस्त आली. १९१० मध्ये चाहत्यांनी त्यांचा गौरव सोहळा घडवून आणला, तेव्हा फ्रान्सला या वृद्धाची आठवण झाली. साहित्याच्या नोबेलसाठीही त्यांचे नाव सुचवले गेले, पण तो मिळाला नाही. १९१३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष रेमों प्वँकारे स्वतः सेरिन्यांला येऊन गेले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, महायुद्ध चालू असताना, ९१ व्या वर्षी फाब्र यांचे निधन झाले. आर्मास आज संग्रहालय आहे. त्यांचे सर्वाधिक चाहते कदाचित जपानमध्ये असतील. तिथे मुलांच्या पिढ्यान् पिढ्या त्यांच्या गोष्टी वाचत मोठ्या झाल्या.

मग आपणही घरात विंचू, कोळी पाळावेत का?

विंचवाच्या बाबतीत उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रुळवल्यानंतर त्याच्या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. तरीही दंश झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

परदेशी कोळी, सरडे, साप विकत घेऊन पाळण्याची हौस शहरांत वाढते आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीतील परदेशी प्रजातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे. भारतातील संरक्षित वन्यजीव घरात ठेवणे हा तर गुन्हाच आहे.

फाब्र यांनी दूरदेशाहून काही मागवले नाही. घराच्या भिंतीत, अंगणात आणि मागच्या टेकडीवर जे होते तेच त्यांनी पाहिले, काम झाल्यावर शक्य तिथे सोडूनही दिले. त्यांच्या घरातले किडे शोभेसाठी किंवा मालकीसाठी नव्हते, त्यांना विचारायला प्रश्न होते. दाराच्या चौकटीवर कुंभारणीने मातीचे घर बांधायला घेतले, तर तो प्रश्न आपल्याही दारात आलेला असतो. ती सहसा कुणाला चावत नाही. खराट्याने ते घर पाडण्याआधी आठवडाभर ती काय आणते, किती खेपा घालते हे पाहायला ना परवाना लागतो, ना पैसा.